आधी मारामारी, मग मैत्री: सुपरहिरोंची ही रीत आता पुरे झाली का?

जुनी पानं:
दोन सुपरहिरो पहिल्यांदा भेटले की आधी एकमेकांना बडवतात. दहा-बारा पानं भिंती फुटतात, गाड्या उडतात. मग कळतं की गैरसमज झाला होता, आणि दोघं मिळून खऱ्या खलनायकाच्या मागे लागतात. शाळेत असताना मला हे फार आवडायचं. आता तेच अंक पुन्हा वाचताना राग येतो, कारण भांडण बहुतेक वेळा एका वाक्यात मिटण्यासारखं असतं. १९६९ च्या 'सिल्व्हर सर्फर'चा चौथा अंक घ्या. थॉरचा कपटी भाऊ लोकी येऊन कान भरतो आणि सर्फर थॉरशी लढायला निघतो. आकाशगंगा पालथ्या घातलेला हा शहाणा प्रवासी समोरच्याला नीट विचारून बघत नाही? जॉन बुसेमाची चित्रं अप्रतिम आहेत, ती मी कितीही वेळा बघेन. पण लढाई घडावी म्हणून पात्राची अक्कल काढून घ्यायची, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे निकाल कधीच लागत नाही. १९७६ साली डीसी आणि मार्व्हल या दोन कॉमिक्स कंपन्यांनी मिळून सुपरमॅन विरुद्ध स्पायडरमॅन असा मोठ्या आकाराचा अंक काढला. दोघांपैकी कोणाला हरवणार? म्हणून सुपरमॅनचा शत्रू लूथर लाल सूर्याच्या किरणांनी स्पायडरमॅनची ताकद वाढवतो. परिणाम ओसरला की सुपरमॅनला मारताना स्पायडरमॅनचेच हात दुखायला लागतात. दोन्ही कंपन्यांचा मान राखायचा, एवढ्यासाठी ही सगळी जुळवाजुळव. माझ्या मते ही रीत आता थांबावी.

आगपाणी:
अजिबात सहमत नाही. ही रीत सुरू झाली तेव्हा तिच्यामागे खरं कारण होतं. १९४० मध्ये, मार्व्हलचं नाव टाइमली होतं तेव्हा, 'मार्व्हल मिस्ट्री कॉमिक्स'च्या आठव्या अंकात कार्ल बर्गोसचा ह्यूमन टॉर्च आणि बिल एव्हरेटचा सबमरिनर समोरासमोर आले. एक आगीचा, दुसरा पाण्याचा. सबमरिनर, म्हणजे नेमॉर, न्यूयॉर्कवर चालून आला होता आणि टॉर्च शहराच्या बाजूने उभा होता. यात गैरसमज कुठे आहे? नेमॉरला जमिनीवरच्या माणसांचा खरोखर राग होता. दहाव्या अंकात नेमॉरची मैत्रीण बेटी डीन मध्ये पडली तेव्हा कुठे दोघं थांबले. पुढे हेच दोघं नाझींविरुद्ध एकत्र लढले. त्या मैत्रीला वजन आहे, कारण आधीचं वैर खोटं नव्हतं.

तिरपी रेघ:
मी चित्रांच्या बाजूने बोलते. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये आधी कथेचा ढोबळ आराखडा ठरायचा, मग चित्रकार पानं रचायचा आणि संवाद शेवटी भरले जायचे. अशा वेळी पात्र कसं आहे हे आधी शरीरातून दाखवावं लागतं. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या पहिल्याच अंकात (१९६३) पीटर फँटॅस्टिक फोरच्या इमारतीत घुसतो आणि चौघांशी झटापट करतो. का, तर आपण किती कामाचे आहोत हे दाखवून त्यांच्या संघात पगारी नोकरी मिळवायची असते. इथे पगार मिळत नाही हे कळताच निघून जातो. घरात पैशाची चणचण असलेला, थोडा फुशारकी मारणारा पोरगा त्या चार-पाच पानांत पूर्ण कळतो. नुसतं हस्तांदोलन दाखवलं असतं तर यातलं काय कळलं असतं?

गच्चीवरचा:
धागाकर्त्याशी सहमत. भांडण नसलं तरी भेट रंगते. 'सुपरमॅन'च्या ७६ व्या अंकात (१९५२) क्लार्क केंट (सुपरमॅन) आणि ब्रूस वेन (बॅटमॅन) यांना जहाजावर एकच खोली मिळते. रात्री बाहेर आग लागते, दोघं अंधारात कपडे बदलत असतात, ज्वाळांचा उजेड आत येतो आणि दोघांची गुपितं फुटतात. एकही ठोसा नाही. मला तो प्रसंग कुठल्याही हाणामारीपेक्षा जास्त आठवतो.

आगपाणी:
प्रसंग गोड आहे, मान्य. पण ती दोघं नेमकी कुठे वेगळी आहेत, हे त्यातून कळतं का? पुढे तीसेक वर्षं त्यांची दोस्ती गुण्यागोविंदाने चालली. १९८६ मध्ये फ्रँक मिलरने त्यांना झुंजायला लावलं, तेव्हा एक सरकारचं ऐकणारा आणि एक कोणाचंच न ऐकणारा असा फरक लख्ख दिसला.

रानडुक्कर:
आपल्याकडची किरात-अर्जुनाची कथाही याच घडणीची आहे. शिकार एक, बाण दोन, मारली कोणी यावरून जुंपते. कारण किती क्षुल्लक! 'जुनी पानं' यांच्या न्यायाने तीही बाद करावी लागेल. पण ती टिकली, कारण अर्जुन हरतो. समोर शंकर आहे हे त्याला हरल्यावर कळतं आणि मग पाशुपतास्त्र मिळतं. मला वाटतं, खोट गैरसमजात नाही, बरोबरीत आहे. कोणीच हरणार नसेल तर ती लढाई वाचायची कशाला?

जुनी पानं:
हा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तो पटतोय. त्यावरून 'डेअरडेव्हिल'चा सातवा अंक आठवला. १९६५, वॉली वुडची चित्रं, लाल पोशाख पहिल्यांदा याच अंकात. नेमॉर मानवजातीवर खटला भरायला चक्क मॅट मर्डॉकच्या, म्हणजे डेअरडेव्हिलच्याच, वकिली कचेरीत येतो. आपल्या समुद्राखालच्या राज्यात, अटलांटिसमध्ये, बंड झाल्याचं कळतं तेव्हा कैद तोडून निघतो, आणि हा आंधळा माणूस त्याच्या वाटेत उभा राहतो. मार खातो, उठतो, पुन्हा मार खातो. शेवटी पडतो, साफ हरतो. त्या हट्टापुढे नेमॉरही नमतो, आणि त्याच्या धैर्याचा मान राखून निघून जातो. हा अंक मी कधीच सोडणार नाही. तेव्हा माझं म्हणणं बदलतो: बरोबरीत सुटणाऱ्या लढाया थांबवा. सर्फर आणि थॉरबद्दलची तक्रार मात्र कायम आहे.

तिरपी रेघ:
पण दर महिन्याला नवा अंक काढणाऱ्यांनी दर वेळी कोणाला हरवायचं? मुलं भांडतातच मुळी 'कोण जास्त ताकदवान' यावरून. हल्क आणि थिंग यांच्यात तर वर्षानुवर्षं हाच प्रश्न चालला. तो सुटला नाही म्हणून आम्ही पुढचा अंक घेत राहिलो. त्या वाट बघण्यातला आनंद मला खोटा वाटत नाही.

गच्चीवरचा:
हरण्याबद्दल आणखी एक. २००६-०७ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये कॅप्टन अमेरिका आयर्न मॅनला हरवायच्या बेतात असतो, तेवढ्यात रस्त्यावरची साधी माणसं, अग्निशमन दलाचे जवान वगैरे, त्याच्यावर झेप घेऊन त्याला मागे ओढतात. तो आजूबाजूला बघतो, शहराची काय दशा झाली आहे ते त्याला दिसतं, आणि तो मुखवटा उतरवून शरण जातो. जिंकत आलेला माणूस थांबतो. त्या पानावर मी बराच वेळ अडकून पडलो होतो.