उडणाऱ्या पाणपक्ष्यांची छायाचित्रे पुसट आणि काळपट येतात. लेन्स बदलावी का?

बांधावरचा
नमस्कार. गेले दोन हिवाळे मी एका पाणथळीवर पक्ष्यांची छायाचित्रे काढत आहे. पोहणारे किंवा चिखलात चरणारे पक्षी बरे टिपता येतात, पण थवा उडाला की माझी तारांबळ होते. माझ्याकडे ५०० मिमीची लेन्स आहे. शटर (उघडे राहण्याचा वेळ) १/६४० सेकंद, छिद्र (लेन्सचे उघडणे) एफ/५.६ आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० ठेवतो, कारण आयएसओ वाढवला की चित्रात दाणे दिसू लागतात. अशा वेळी तलवार बदकांच्या पंखांची टोके पुसट येतात, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी काळाठिक्कर दिसतो आणि निम्म्या चित्रांत तर दूर जाणाऱ्या शेपट्याच असतात. मी सकाळी नऊ ते अकरा या वेळात पश्चिमेकडच्या बांधावर उभा असतो. जास्त लांब पल्ल्याची लेन्स घेतल्यास फरक पडेल का?

पाणकाठ
लेन्स बदलू नका, बांध बदला. सकाळी पश्चिमेच्या बांधावरून पाण्याकडे पाहणे म्हणजे थेट सूर्याकडे पाहणे, त्यामुळे पक्ष्याची तुमच्याकडची बाजू सावलीतच राहणार. शेपट्यांचे कारण मात्र वाऱ्यात आहे. पक्षी उडतात ते वारा येतो त्या दिशेला तोंड करून आणि उतरतातही तसेच. वारा तुमच्या तोंडावर येत असेल, तर उठलेला प्रत्येक पक्षी तुमच्याकडे पाठ करूनच जाईल. वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी असतील अशी जागा मिळाली, तर अर्धे काम तिथेच झाले. दोन्ही जुळत नसतील, तर मी वाऱ्याची बाजू धरतो, कारण तिरप्या उजेडातला समोरून येणारा पक्षी लख्ख उजेडातल्या शेपटीपेक्षा केव्हाही बरा.

आता शटरचा हिशेब पाहू. बदक सेकंदाला १५ मीटर वेगाने उडते असे धरले, तर १/६४० सेकंदात ते सुमारे २.३ सेंटीमीटर पुढे सरकते, तर १/२५०० सेकंदात केवळ ६ मिलिमीटर. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवल्याने धडाची हालचाल बरीचशी भरून निघते; खालीवर होणाऱ्या पंखांना त्याचा उपयोग नाही, म्हणूनच तुमची टोके पुसट येतात. १/२५०० साठी आयएसओ १६०० करावा लागेल. दाणे नंतर कमी करता येतात, पुसटपणा काढता येत नाही. संथ पंख मारणाऱ्या बगळ्यांना १/१२५० पुरते.

उजेड स्थिर असेल तर मी सगळी मोजमापे हाताने ठरवतो. उन्हातल्या पांढऱ्या बगळ्यावर हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहून त्याच्या पिसांचा तपशील उडणार नाही इतकाच प्रकाश घेतो आणि मग पक्ष्यामागे आकाश असो वा पाणगवत, काही बदलत नाही.

धुकटपहाट
वाऱ्याबद्दल पूर्ण सहमत. मात्र ढग ये-जा करत असतील तर हाताने ठरवलेली मोजमापे दगा देतात. अशा दिवशी शटर आणि छिद्र पक्के ठेवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोडावा आणि आकाशावरच्या पक्ष्यासाठी एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा, हे मला जास्त सोयीचे वाटते.

तुमच्या वेळेबद्दल मात्र कोणी बोललेले नाही. ऊन चढू लागले की चिखल तापतो, त्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरचे काहीही रेखीव येत नाही. जास्त लांब लेन्स घेतल्यास ती थरथरही मोठी होऊन दिसेल. दूरचा एखादा खांब पडद्यावर मोठा करून पाहा. त्याची कड पाण्यातल्यासारखी हलत असेल, तर जवळून जाणाऱ्या पक्ष्यांपुरतेच काम ठेवा. ऊबदार गाडीतून काढलेली लेन्सही थंड हवेत काही वेळ तशीच राहू द्यावी.

बांधावरचा
दोघांचेही आभार. पक्षी केव्हा उडणार हे आधी कसे ओळखावे? मी कॅमेरा उचलेपर्यंत थवा गेलेला असतो. आणि माझ्याबरोबर येणारे काही जण टाळ्या वाजवून थवा उठवतात, त्याचे काय करावे?

शेकाट्या
टाळ्यांचे आधी सांगतो: अशा मंडळींबरोबर जाणे थांबवावे. थंडीत साठवलेल्या चरबीवर ज्यांना परतीचा प्रवास करायचा आहे, त्यांना आपल्या चित्रासाठी उगाच उडवणे मला मान्य नाही. शिवाय घाबरून उठलेला थवा तुमच्यापासून दूरच जातो, म्हणजे पुन्हा शेपट्या.

बदके उडण्याआधी माना ताणून डोकी खालीवर झटकू लागतात. सुरुवात एकदोघांची असते, मग सगळा गट तसे करतो. तलवार बदके आणि थापट्या बदके पाण्यातून सरळ वर उसळतात, त्यामुळे चौकटीत वरच्या बाजूला जागा ठेवा. वारकरी (काळा पाणपक्षी) आणि रोहित (फ्लेमिंगो) पाण्यावरून धावत सुटतात. त्यांच्यासाठी हाताशी काही क्षण असतात. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणगवतावरून खाली आला की सगळे पाणी एकदम उठते, म्हणून माझी एक नजर कायम त्याच्यावर असते.

फोकस अखंड चालणारा ठेवा आणि पक्षी लहान दिसत असतानाच त्याला धरा. ५०० मिमी, एफ/५.६ आणि वीस मीटर अंतर असेल, तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा जेमतेम अर्ध्या मीटरचा असतो. डोळा सापडला तर पंखाचे टोक थोडे मऊ झाले तरी चालते.

बांधावरचा
आज पूर्वेच्या बांधावर उजाडतानाच, एकटाच जाऊन बसलो. वाराही पाठीशी होता. तीनशेच्या आसपास चित्रे काढली, त्यांतली अकरा ठेवली. एका चित्रात पाय पुढे काढून उतरणारा चक्रवाक आहे आणि त्याच्या पंखाखालची पांढरी पिसे मोजता येतात. क्षितिज मात्र सगळीकडे डावीकडे कललेले आहे.

पाणकाठ
क्षितिज नंतर सरळ करता येते, पण तसे करताना कडा कापल्या जातात. तेव्हा पक्षी चौकटीत ठासून भरू नका.