रविवारची सभा: ४० डोकी कोणाच्या खात्यात?

प्रेषक: कार्यवाह
सोमवार, २५ मार्च २०१९, रात्री ९:५२

मंडळी,

पेडे लोनवर (पगार होईपर्यंतचं महागडं कर्ज) आपल्या सिटीने कायदा करावा म्हणून धार्मिक संस्थांच्या आघाडीची रविवारी सभा आहे, तिला आपण ४० माणसं आणतो असा शब्द दिलाय. माझ्या यादीत आत्ता १९ नावं आहेत, त्यातली ७ "बघतो", "जमलं तर" या जातीची. गुरुवारी रात्री पक्का आकडा द्यायचाय. सभा ४ ते ५:३०, कॅथलिक चर्चचा मोठा हॉल, पार्किंग मागे. साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच संपते, मागच्या वेळी आपले लोक चार पंचवीसला आले तेव्हा निम्मी सभा झालेली होती.

आता घोळ ऐका. आज कळलं की मंदिराच्या यादीत आपली ११ कुटुंबं आहेत. दारात प्रत्येक संस्थेचं वेगळं टेबल. एका माणसाने एकाच कागदावर सही करायची आणि रोल कॉलला स्टेजवरून तोच आकडा सांगायचा. ही ११ कुटुंबं तिकडे गेली तर मी सिटी काउन्सिलसमोर उभं राहून "मराठी मंडळ, बारा" म्हणणार का?

प्रत्येकाने इथेच लिहा: मंडळ की मंदिर. मला फोन करू नका.

—

प्रेषक: खजिनदार
सोमवार, रात्री १०:३१

सभेला जायच्या बसचे ६५० डॉलर कोणी मंजूर केले? मिनिट्समध्ये मला तरी दिसले नाहीत.

दुसरं, आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, आहोत. ४ मेला सिटीची निवडणूक आहे आणि उभे राहिलेले लोक त्याच स्टेजवर असणार. आयआरएसचं (करखात्याचं) पत्र आलं तर खाली सही माझी असते. हे राजकारण आपल्याला झेपणारं आहे का, एवढंच विचारतो.

—

प्रेषक: मंदिर समितीतली (मंडळाचीही आजीव सभासद!)
सोमवार, रात्री ११:०४

"आपली ११ कुटुंबं" वाचून गंमत वाटली. ही कुटुंबं दर रविवारी सकाळी मंदिरात असतात, त्यांची मुलं बालविहारला येतात. सही तिथे केली तर चोरी कशी?

आणि ही आघाडी काँग्रिगेशन्सची आहे. चर्च, मशीद, सिनेगॉग, गुरुद्वारा, मंदिर. मंडळाच्या घटनेत पहिल्याच पानावर "धर्मनिरपेक्ष सांस्कृतिक संस्था" आहे. आघाडीच्या फॉर्मवर "फेथ ट्रॅडिशन" असा रकाना आहे. त्यात कार्यवाहांनी काय लिहिलंय ते ऐकायला आवडेल.

—

प्रेषक: कार्यवाह
सोमवार, रात्री ११:१९

रकाना रिकामा ठेवलाय.

बाकी नोव्हेंबरच्या फूड ड्राइव्हची ३८ खोकी कोणी गोळा केली आणि न्यूजलेटरमध्ये फोटो कोणाचा आला, हा विषय मी आत्ता काढत नाही.

—

प्रेषक: नाटकवाले
मंगळवार, सकाळी ७:१५

फक्त आठवण. रविवारी ४ ला तालीम आहे. ६ तारखेला पाडवा, दुसऱ्या अंकात अजून कागद हातात आहेत. तुमच्या १९ मधले ८ माझे.

—

प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी ८:४०

मुलांनो, आकड्यावरून भांडताय याचा मला आनंदच आहे. या कामात आकडा हीच ताकद असते, म्हणूनच तो स्टेजवरून मोठ्याने सांगायची पद्धत पडली.

मी ८१ ते ८८ सॅन अँटोनियोत होतो. तिथली कॉप्स (कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस) ही संघटना १९७४ ची, एर्नेस्टो कोर्टेझ यांनी पश्चिम भागातल्या मेक्सिकन वस्तीत कॅथलिक चर्चं धरून उभी केलेली. सुरुवात कशावरून झाली? गटारांवरून. पाऊस आला की तिथे रस्त्याचा ओढा व्हायचा, आणि पाण्याचा निचरा करायची कामं वर्षानुवर्षं कागदावरच. शहरातले बडे लोक दाद देईनात तेव्हा या बायका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिरल्या आणि दिवसभर कपडे अंगाला लावून बघत बसल्या, घेतलं काहीच नाही. मग बँकेत गेल्या. एकीने नोटा देऊन पेनी घ्यायच्या, दुसरीने त्याच पेनी देऊन नोटा मागायच्या, काउंटरवर ही रांग. कायदा कुठेच मोडला नाही. मला हे ज्या बाईने सांगितलं ती आमच्या ऑफिसात फायलिंगला होती. सांगताना तिला इतकं हसू यायचं की पुरं सांगता येत नसे.

तर आकडा जपा. पण तिथे एकाच पॅरिशच्या एकाच कुटुंबावर दोन संस्था हक्क सांगत असत, तेव्हाही असंच व्हायचं. उपाय काय काढला ते मात्र आठवत नाही.

—

प्रेषक: नाटकवाले
मंगळवार, सकाळी ९:०२

नाना, छान. पण तालमीचं काय?

—

प्रेषक: अलिबागची
मंगळवार, दुपारी १२:२०

माझं सांगते. माझी सही आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगच्या टेबलावर, कारण तिथे आम्ही मराठी घरं तीनच आणि मी नाही म्हटलं तर आमचे रब्बाय रुसतात. त्यामुळे कार्यवाह, माझं नाव १९ मधून काढा. १८.

फेथच्या रकान्याबद्दल: पुण्यात लाल देऊळ म्हणतात ते सिनेगॉग आहे आणि रिक्षावाल्यापासून सगळे त्याला देऊळच म्हणतात. त्या रकान्याचं इतकं मनावर घेऊ नका.

आमच्या बाजूला या सभेचं नावच "नहेम्या सभा" पडलंय. बायबलमध्ये नहेम्या यरुशलेमची पडलेली तटबंदी बांधायला येतो. त्यात मध्येच लोक रडत येतात की शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली, पोरं गुलाम म्हणून द्यावी लागली, आणि सावकार परके नाहीत, आपलेच भाऊबंद. तर तो भिंत बाजूला ठेवून मोठी सभा भरवतो, सरदारांना सगळ्यांसमोर उभं करतो आणि "परत करता की नाही?" एवढंच विचारतो. ते "करतो" म्हणतात. त्यावर तो पुरोहितांना बोलावून शपथ घ्यायला लावतो, कारण नुसत्या "करतो"वर त्याचा विश्वास नाही! रविवारी काउन्सिलवाल्यांना हो की नाही एवढंच बोलू देतात ते यामुळे. भाषण नाही.

रविवार का, तर शुक्रवार मशिदीचा, शनिवार आमचा, रविवारची सकाळ चर्चची. उरते रविवारची दुपार. तेवढी तालमीने घेतली.

—

प्रेषक: सुप्याचा
मंगळवार, दुपारी १:०५

अलिबागच्या ताई, हे आमच्याकडेही झालंय की. १२ मे १८७५, आमचं सुपे गाव. बाजाराचा दिवस. लोकांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जखतं, दस्तऐवज शोधून जाळले. पुणे-नगर भागात लोण पसरलं. त्यातूनच १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा आला. आजोबा सांगायचे की लोकांना सोन्यानाण्यात रस नव्हता, कागद हवे होते.

रविवारी येतोय. मंडळ. १९.

—

प्रेषक: ट्रॉफीवाले
मंगळवार, दुपारी ३:४८

मी शांतपणे विचारतो, राग नको. पेडे लोन आपल्यात घेतं कोण? आपण शिकलेली माणसं, क्रेडिट चांगलं. गरिबांना मदत करायची तर चेक लिहू, मी पहिला लिहीन. ४० माणसं बसमध्ये घालून कोणाच्या तरी व्याजासाठी उभं राहायचं हे मंडळाचं काम कधीपासून?

—

प्रेषक: ग्रंथालय सांभाळणारी
मंगळवार, रात्री ११:५६

मी लिहावं की नाही, दोन तास विचार करतेय.

मी घेतलं होतं. २०१६ मध्ये. ह्यांचं प्रोजेक्ट संपून चौथा महिना होता, मी डेकेअरमध्ये अर्धवेळ. गाडीचा ट्रान्समिशन गेला. गाडीशिवाय इथे कामावर जाता येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या दुकानाशेजारच्या मॉलमध्येच ते ऑफिस आहे, पिवळी पाटी. पे स्टब दाखवला, पुढच्या तारखेचा चेक दिला, वीस मिनिटांत ६०० डॉलर हातात. मुलगी फार गोड बोलली.

दोन आठवड्यांनी ७३८ एकदम द्यायचे. नव्हते. मग ती म्हणाली, फक्त १३८ द्या, दोन आठवडे पुढे ढकलते. पुढे पुन्हा तेच. असं नऊ वेळा. दर वेळी पावतीवर खाली "प्रिन्सिपल ६००.००". त्या पावत्या मी मसाल्याच्या डब्यांमागे ठेवायचे, ह्यांना दिसू नयेत म्हणून.

तेव्हा पाडव्याच्या वर्गणीला उशीर झाला म्हणून मला दोनदा ईमेल आलं होतं. कोणी पाठवलं ते विचारू नका, कोणाला माहीतच नव्हतं.

—

प्रेषक: ट्रॉफीवाले
बुधवार, सकाळी ६:१०

वहिनी, माफ करा. ते ईमेल माझं होतं. मी तेव्हा खजिनदार होतो.

—

प्रेषक: खजिनदार
बुधवार, सकाळी ११:३३

१३८ गुणिले ९ म्हणजे १,२४२. मुद्दल तरीही ६००.

रात्री बसून वाचलं, थोडक्यात लिहितो. टेक्सासात सावकार कागदावर व्याज १० टक्केच लावतो. बाकीची सगळी "फी", कारण दुकानवाला "क्रेडिट ॲक्सेस बिझनेस" म्हणून नोंदलेला असतो, कर्ज दुसरा देतो आणि हा फक्त मिळवून देतो. त्या फीला वरची मर्यादा नाही. राज्यात काही होईना म्हणून डॅलसने २०११ मध्ये स्वतःचा ऑर्डिनन्स (शहराचा कायदा) केला, मग ऑस्टिन, सॅन अँटोनियो, आता ४० च्या वर शहरं. कर्ज महिन्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही, जास्तीत जास्त तीनदा पुढे ढकलायचं, आणि दर वेळी मुद्दल किमान २५ टक्के कमी झालंच पाहिजे. म्हणजे वहिनींचं कर्ज चौथ्या भरण्याला संपलं असतं. आपल्या सिटीत तो नाही. रविवारी मागायचाय तो हाच.

आता आयआरएस. १९५४ पासून ५०१(सी)(३) संस्थेला उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात पडायला मनाई आहे, ती पाळायची. कोणाला मत द्या यावर या लिस्टवर एक ओळही नको, विनोदातसुद्धा. सगळ्या उमेदवारांना तोच प्रश्न विचारणार आहेत, ते चालतं. ऑर्डिनन्स मागणं हे लॉबिंग धरलं जातं आणि लॉबिंग आपल्याला बंद नाही, प्रमाणात चालतं. फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच) हा पर्याय घेतला की प्रमाण आकड्यात ठरतं: खर्चाच्या पहिल्या ५ लाख डॉलरवर २० टक्के. आपला वर्षाचा खर्च साधारण ६०,००० म्हणजे १२,०००. बस ६५० ची. माणसांचा वेळ, सह्या, उभं राहणं मोजलं जात नाही, फक्त पैसे मोजले जातात. फॉर्म आज भरला तरी या वर्षाला लागू.

आणि गंमत अशी की चर्च, मंदिर, मशीद यांना ५०१(एच) घेताच येत नाही. आपल्याला येतं, कारण आपण काँग्रिगेशन नाही. तेव्हा तो रकाना रिकामाच असू दे. बस आपण करतो, मंदिराची माणसंही त्यात बसतील.

बस मंजूर. मिनिट्समध्ये घ्या.

—

प्रेषक: मंदिर समितीतली
बुधवार, दुपारी २:१७

बस घेऊ. धन्यवाद.

११ कुटुंबांचं मी आज फोनवर बोलले (हो, फोनवर). सहा म्हणाली मंदिर, चार मंडळ. अकराव्या घरी नवरा मंदिर म्हणतो, बायको मंडळ. दोघांनी आपापल्या टेबलावर सही करावी असं ठरलं, पण ती दोघं त्यावरून अजून भांडतायत.

बालविहारची मोठी मुलं मात्र आमच्याकडे. याबाबत चर्चा नाही.

—

प्रेषक: नाना
बुधवार, दुपारी ३:००

मुलांनाच विचारा की. १६ च्या वरची आहेत.

—

प्रेषक: मंदिर समितीतली
बुधवार, दुपारी ३:०६

नाना, तुम्ही यात पडू नका.

—

प्रेषक: नाटकवाले
बुधवार, संध्याकाळी ६:४४

दोघी-तिघींनी मला बाहेर पार्किंगमध्ये गाठून सांगितलंय की ग्रंथालयातल्या वहिनी जिथे जातील तिथे त्या जाणार. ठीक आहे. तालीम ६ ला, चर्चवरून थेट. उशीर झाला तर दुसरा अंक कागद घेऊन करू, प्रेक्षक समजून घेतील की नाही माहीत नाही.

एक विचारतो, आघाडीने मंडळाकडे तीन मिनिटं बोलायला कोणी तरी मागितलंय म्हणे. माझ्याकडे आवाज असलेली माणसं आहेत.

—

प्रेषक: ग्रंथालय सांभाळणारी
बुधवार, रात्री १०:२८

आवाज नको. ज्याने घेतलंय त्यानेच बोलायचं असतं असं आघाडीच्या संघटकबाई म्हणाल्या, काल माझ्याकडे येऊन दीड तास बसल्या होत्या. बोलेन मी. तीन मिनिटांचं लिहून काढलंय, साडेचार मिनिटं होतात. कोणी कापायला मदत कराल? पावत्या नेणार आहे, आठच सापडल्या.

—

प्रेषक: ट्रॉफीवाले
बुधवार, रात्री १०:३५

मी कापून देतो. माझी सहीसुद्धा मंडळाच्या टेबलावर. बायकोचीही.

—

प्रेषक: कार्यवाह
गुरुवार, २८ मार्च, रात्री ९:४०

आकडा कळवला: ३४. चाळीस नाही झाले, पण ३४ खरे आहेत, "बघतो" एकही नाही. संघटकबाई म्हणाल्या, खोटे ४० नेण्यापेक्षा हे बरं.

बस ३:१० ला ग्रंथालयासमोरून. ३:१० म्हणजे ३:१०. मंदिराचे ९ जण आपल्या बसमध्ये आहेत, पण सही त्यांच्या टेबलावर, कोणी त्यांना आपल्या टेबलाकडे ओढू नये (हे काही जणांसाठी).

मंडळाचा लाल बॅनर सापडत नाहीये. फूड ड्राइव्हनंतर कोणाकडे गेला?

—

प्रेषक: मंदिर समितीतली
गुरुवार, रात्री ९:५८

आमच्या स्टोअररूममध्ये आहे. खोक्यांसोबत आला होता.