क्लचच्या कामानंतर गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय, गॅरेजवाला जबाबदारी घेत नाहीये

द्राक्षबाग:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमची २०१४ ची वॅगनआर, क्लच घसरायला लागला म्हणून सांगलीतल्या एका गॅरेजला टाकली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट बदलला, मजुरी धरून ८,४०० घेतले. सुरुवातीला छान चालली, पण महिन्याभरात डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला फरशीवर तेलाचे डाग पडायला लागले आणि आता साठच्या पुढं गेलं की घूंऽऽ असा आवाज येतो. परत नेली तर म्हणतो, "ताई गाडी जुनी झाली, आम्ही फक्त क्लचचं काम केलं, गिअरबॉक्सला हात पण लावला नाही." अहो पण गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय क्लच बदलताच येत नाही ना? आता म्हणे बेअरिंग गेलंय, गिअरबॉक्स खोलायचे चौदा हजार वेगळे. बिल साध्या कागदावर हाताने लिहिलेलं, ना शिक्का ना जीएसटी नंबर, पैसे मात्र यूपीआयने दिलेत. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मिरजेला न्यावं लागतं, गाडीवाचून सगळं अडलंय. भांडत बसू की दुसरीकडं करून घेऊ?

पाना_चौदा:
ताई, आधी गाडी उभी करा. या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतंच दोन-अडीच लिटर, ते उतरलं की आतले बेअरिंग आणि दात कोरडे फिरतात आणि मग खरंच मोठा खर्च निघतो.
आता कारण. गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही बाजूचे ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारे दांडे, ओढून काढावे लागतात, ते जिथं गिअरबॉक्समध्ये घुसतात तिथं तेल बाहेर येऊ न देणारं रबरी ओठाचं ऑइल सील असतं. शाफ्ट परत घालताना सरळ धरला नाही तर त्याच्या दात्यांनी तो ओठ फाटतो, किंवा नवीन सील हातोडीने ठोकताना तिरकं बसतं. चाकाच्या आतून गळतंय म्हणताय म्हणजे माझा पहिला संशय तिथंच. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब पडत असेल तर गोष्ट वेगळी, मग क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) किंवा इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचं) सील बघावं लागेल. बोटाला तेल लावून वास घ्या, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही.
सील काही शेकड्यात येतं. मजुरीच जास्त, आणि ती त्यानेच सोसायला पाहिजे.

कोर्टाची_पायरी:
वरचं सगळं बरोबर, फक्त एक सांभाळा, दुसऱ्या गॅरेजला खोलू देऊ नका, नुसतं तपासून लेखी घ्या. एकदा दुसऱ्याने हात घातला की पहिला म्हणणार "त्यानेच बिघडवलं", आणि मग तुमच्याकडं दाखवायला काही उरत नाही. लिफ्टवर गाडी चढवून गळतीचा व्हिडिओ, ऑइलची पातळी किती खाली गेलीय त्याचा फोटो, आणि त्या मेकॅनिकच्या लेटरहेडवर दोन ओळी, तारीख आणि किलोमीटर रीडिंगसकट.
बिल कच्चं असलं तरी घाबरू नका. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं हाही पुरावाच. आधी गॅरेजला लेखी कळवा, स्पीड पोस्टाने, ठराविक दिवसात दुरुस्त करून द्या म्हणून. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ऑनलाइन ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून भरता येतं.
आणि गाडी त्याच्याकडं असताना पैशावरून वाद घालू नका. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कारागिराला केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. तशी वेळ आलीच तर "तक्रार कायम ठेवून पैसे देत आहे" असा मेसेज आधी टाका, मग पैसे द्या आणि गाडी सोडवून आणा.

घाटमाथा:
मला वाटतं आयोगाला वेळ लागतो आणि ताईंना गाडी आत्ता हवीय. काउंटरवरच्या पोराशी बोलून उपयोग नाही, मालकाला सकाळी गर्दी नसताना गाठा, फोटो समोर ठेवा आणि आवाज न चढवता विचारा की शाफ्ट न काढता गिअरबॉक्स खाली कसा घेतला. या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नाही. गूगलवर वाईट रिव्ह्यू टाकायची धमकी आत्ता देऊ नका, माणूस अडून बसतो. आणि बदललेला पार्ट दर वेळी मागून घ्या, हक्काने.

द्राक्षबाग:
सगळ्यांचे आभार. ओळखीच्या मेकॅनिकने लिफ्टवर चढवून दाखवलं, डाव्या शाफ्टच्या सीलचा ओठ एका जागी चिरलाय, फोटोत स्वच्छ दिसतंय. ऑइल निम्म्याहून कमी निघालं. त्याने लिहून दिलं. मग भाऊ आणि मी मालकाकडं गेलो, शाफ्टचा प्रश्न विचारल्यावर तो गप्पच झाला. सील आणि ऑइल फुकट करून दिलं, गळती थांबलीय. घूं आवाज मात्र थोडा आहेच, बेअरिंगचे निम्मे पैसे द्या म्हणतोय.

पाना_चौदा:
चालत्या गाडीत क्लच दाबून बघा. तरीही स्पीडप्रमाणे आवाज येत राहिला तर क्लचचा दोष नाही; चाकाचं बेअरिंग ठीक असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंगच असणार, आणि ते बहुतेक तेलाविना चाललं म्हणून गेलं. निम्मे का द्यायचे?

द्राक्षबाग:
बघितलं, येतोच आवाज. निम्म्याला नाही म्हणून सांगितलंय, लेखी पत्र उद्या पोस्टात टाकतेय. डायलिसिसपुरती मावशींची गाडी मिळालीय.