ट्रेबल कमी नका करू, पसरू द्या!

खरखर_काका
गणपतीतल्या कार्यक्रमानंतर पहिल्या रांगेतले एक आजोबा स्टेजमागे आले. म्हणाले, "वाजवलंस छान, पण तुझ्या गिटारने माझ्या दाढेत कळ येत होती." गंमत म्हणजे मला आवाज मंद वाटत होता, म्हणून मध्यंतरात मी ट्रेबल (वरचा, टोकदार आवाज) अजून वाढवला होता.

घरी येऊन मोजपट्टी काढली. माझा अँप एका बारा इंची स्पीकरचा साधा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात. जमिनीवर ठेवला की स्पीकरचा मध्य २५ सेंमीवर. मी दीड मीटर पुढे उभा, कान १६५ सेंमीवर. म्हणजे मी स्पीकरच्या रेषेपासून ४० अंशांहून जास्त वर. स्टेज चार फुटी, आणि खुर्चीत बसलेल्या आजोबांचा कानही साधारण तेवढ्याच उंचीवर. आवाजाचा झोत थेट त्यांच्यावर.

बारा इंची स्पीकरचा हलणारा कोन (कागदी शंकू) असतो साधारण २६ सेंमीचा. १ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंमी, कोनपेक्षा मोठी, त्यामुळे तो आवाज बऱ्यापैकी पसरतो. ४ किलोहर्ट्झची जेमतेम साडेआठ. बाजूला उभं राहिलं की कोनच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कडेचा आवाज पुढेमागे पोहोचतो आणि एकमेकांना खातो. बरोबर समोर मात्र सगळा एकदम येतो. कोन आदर्श, ताठ धरला तर ४ किलोहर्ट्झला २४ अंशांच्या आसपास आवाज जवळपास शून्य! खरा कागदी कोन वाकतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला मधलाच भाग जास्त बोलतो, म्हणून प्रत्यक्षात एवढी वाईट अवस्था नसते. त्यात गिटारच्या बऱ्याच स्पीकरांना उठाव असतो तो नेमका २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात.

म्हणून माझं मत: ट्रेबलचा नॉब हा यावरचा इलाजच नाही. नॉब सगळ्यांचाच ट्रेबल उतरवतो. आजोबा सुटतील, पण कडेच्या खुर्च्यांना गिटार गोधडीतून ऐकू येईल. त्यापेक्षा फोमची कडी करा. इंचभर जाड, कोनएवढी गोल, मध्ये तीन इंची भोक. कडेकडून येणारा ट्रेबल फोम पितो, खालचा आवाज आरपार जातो. वरच्या फ्रिक्वेन्सीपुरता तुमचा स्पीकर तीन इंची होतो, आणि छोट्या तोंडाचा आवाज जास्त पसरतो. फोम घेताना तोंडाला लावून फुंकर मारा. हवा पलीकडे गेली तर घ्या, अडली तर तो पॅकिंगचा, उपयोगाचा नाही. कोनला टेकू देऊ नका. आधी जाळीच्या कापडावर बाहेरून टेपने चिकटवून बघा.

नळीवाला
असहमत. गवयाच्या तोंडाला रुमाल बांधण्यातला प्रकार झाला हा. फेंडरने साठच्या दशकातच मोठ्या कॉम्बोंना बाजूला कलते पाय लावून दिले, अँप मागे रेलवून ठेवायला. खुर्चीवर ठेवा, मागे कलवा, झोत स्वतःच्या कानात घ्या. आजोबांना जे सोसावं लागलं ते तुम्हाला सोसावं लागलं की हात आपोआप ट्रेबलवर जाईल. दोष स्पीकरचा नाही, स्वतःचा आवाज न ऐकता वाजवणाऱ्याचा आहे. स्पष्ट बोललो, राग नसावा.

खरखर_काका
राग कसला, बरोबरच आहे. पण कलवल्यावर मी ट्रेबल कमी करणार, तो माझ्या कानासाठी. झोताबाहेरचा ड्रमवाला आणि कडेच्या खुर्च्या पुन्हा गोधडीतच. झोताची फक्त दिशा बदलली, रुंदी तीच राहिली.

सोल्डरवाला
इतकी भूमिती कशाला? आवाज ३ वर ठेवून वाजवत असाल तर आधी ब्राइट कपॅसिटर (ट्रेबल उठवणारा सर्किटमधला भाग) बघा. व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबमागच्या भागावर) आडवा बसलेला असतो आणि कमी आवाजातच जास्त टोचतो. व्हॉल्यूम वाढवत नेला की त्याचा परिणाम विरत जातो. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्ब अँपच्या व्हायब्रेटो चॅनेलवर ४७ पिकोफॅरडचा कायमचा लावलेला असतो, कित्येक जण तो कापून टाकतात. (नळ्यांचा अँप असेल तर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत ४०० व्होल्ट दबा धरून असू शकतात. जाणकाराकडे द्या.)

खरखर_काका
कपॅसिटर टोचत असता तर मलाही आजोबांइतकाच टोचला असता ना? एकाच क्षणी मला मंद आणि त्यांना कर्कश, हे सर्किटमुळे कसं होईल?

सोल्डरवाला
हं. ते खरं. पण तुमच्या समोर जो झोत जातोय त्यात माल कोण भरतंय, हेही बघाच.

फेडरवर_बोट
साउंडवाल्याची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षक तुमचा अँप ऐकतच नाहीत, माझा माइक ऐकतात. एसएम५७ माइक जाळीला टेकवून मी तो मध्यापासून दोन बोटं कडेला सरकवतो, कारण कोनच्या मधल्या टोपीसमोर आवाज सगळ्यात टोकदार असतो. आता तुमची ती कडी आली की कडेला फोम. उघडी जागा उरली फक्त मध्यावर, म्हणजे जिथून मी पळतोय तिथेच मला ढकलताय! ज्याच्या अँपला माइक लागतो त्याने फोम लावू नये. साठ-सत्तर खुर्च्यांच्या हॉलमध्ये, माइक नसेल तेव्हा, खुशाल लावा.

खरखर_काका
हा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. टेपने चिकटवलेली कडी माइक लागला की काढता येईल, पण मग मला स्टेजवर पुन्हा मंद ऐकू येणार आणि मी पुन्हा नॉब पिळणार.

फेडरवर_बोट
पिळा. माझ्या हातात इक्यू आहे, माइकमधला ट्रेबल मी उतरवीन. :)

दोन_बारा
थोडं अवांतर. दोन स्पीकरांची कॅब (स्पीकरांचं खोकं) असेल तर फोमच्याही आधी ती उभी करून बघा. स्पीकर शेजारीशेजारी असले की आडव्या दिशेला झोत अजून अरुंद होतो, एकावर एक ठेवले की तेच अरुंदपण उभ्या दिशेला जातं. प्रेक्षक आडवे पसरलेले असतात, एकमेकांच्या डोक्यावर बसलेले नसतात. शिवाय वरचा स्पीकर तुमच्या कानाजवळ येतो. खर्च शून्य. उभी कॅब कलंडणार नाही, तेवढं सांभाळा.

नळीवाला
काल हट्टाने पुठ्ठ्याची तीन इंची चकती कापून मधल्या टोपीसमोर चिकटवली. कडी नव्हे, तिच्या नेमकं उलट. लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा वाजवणाऱ्या पेडलवर) एक कॉर्ड फिरत ठेवली आणि गुडघ्यावर बसून अँपभोवती रांगलो (बायकोने फोटो काढला, टाकणार नाही). समोरचा टोचरेपणा गेला, हे मान्य. पण वीतभर डोकं हलवलं की आवाज बदलतो, फ्लँजर (आवाज घुमवत बदलणारा इफेक्ट) लावल्यासारखा. कॉम्बो खुर्चीवर कलवला तेव्हा हे होत नव्हतं. फोमने होतं का?

खरखर_काका
माझ्या कानाला तरी नाही. समोर कमी टोचतो, आणि दोन पावलं बाजूला गेलो तरी अँप तोच वाटतो. पण किंमत मोजावी लागते, ते सांगतो: समोरची चमक एकूणच उतरते. सोलोत वरची तार पूर्वीसारखी बँड चिरून बाहेर येत नाही. बेंजोवाला त्यामुळे खूश आहे.

नळीवाला
हेच म्हणत होतो मी! ती चिरत जाणारी तार गेली तर मग इलेक्ट्रिक घ्यायची कशाला? रविवारी तालमीला मी माझी खुर्ची आणतो, तुम्ही कडी आणा. फेडरवाल्याला डोळ्यावर पट्टी बांधून हॉलभर फिरवू.

फेडरवर_बोट
येतो. केबलींवरून हात धरून न्या फक्त.