लिनक्स बिघडले की नोंदी वाचाव्यात, की सरळ पुन्हा इन्स्टॉल करावे?

धागाकर्ता

लिनक्स डेस्कटॉपवर काही अडले की ‘वेळ घालवू नका, पुन्हा इन्स्टॉल करा’ हा सल्ला हमखास मिळतो. बऱ्याचदा तो लागूही पडतो, आणि म्हणूनच मला तो घातक वाटतो. पुन्हा इन्स्टॉल केल्याने संगणक सुरू होतो. पण तो का अडला होता हे सांगणाऱ्या नोंदी त्याच वेळी पुसल्या जातात आणि मूळ कारण शिल्लक असेल, तर पुढच्या अपडेटला तोच प्रसंग पुन्हा ओढवतो.

नेहमीचे उदाहरण काळ्या पडद्याचे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला, संगणक रीस्टार्ट केला आणि डेस्कटॉप आलाच नाही. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर अनेकदा डीकेएमएस या साधनाला नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) तयार करता आलेले नसते, किंवा सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्याने स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नलने नाकारलेले असते. नव्याने इन्स्टॉल केल्यावर नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर वापरला जातो आणि पडदा उजळतो; मग वापरकर्ता पुन्हा एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकतो आणि फिरून त्याच अडचणीत येतो. त्याऐवजी उबुंटूसारख्या डिस्ट्रोत (लिनक्सच्या तयार आवृत्तीत) सुरुवातीलाच शिफ्ट, किंवा यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी पद्धत) असल्यास एस्केप, दाबून ग्रबचा, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणावा, प्रगत पर्यायांतून आधीचा कर्नल निवडावा आणि डेस्कटॉप आला की फसलेल्या बूटच्या (सुरू होण्याच्या प्रयत्नाच्या) नोंदी जर्नलसीटीएल या कमांडने पाहाव्यात. कारण बहुधा तिथेच लिहिलेले असते.

प्रतिसाद १

‘तिथेच लिहिलेले असते’ हे वाक्य ज्याला नोंदी वाचता येतात त्याचे आहे. पूर्णपणे सुदृढ संगणकावरसुद्धा जर्नलसीटीएल चालवले, की एसीपीआय आणि बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डमधील सॉफ्टवेअरच्या, लाल ओळी दिसतात. त्यांचा मूळ अडचणीशी काहीही संबंध नसतो. पण नवखा माणूस नेमकी तीच ओळ शोधयंत्रात टाकतो, कोणा अनोळखी माणसाने सात वर्षांपूर्वी दिलेली कमांड सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चिकटवतो आणि एका बिघाडाचे तीन करून ठेवतो.

तिऱ्हाईत पीपीए (अधिकृत नसलेली पॅकेज-भांडारे), अर्धवट काढलेले ड्रायव्हर, हाताने बदललेल्या कॉन्फिग फायली असा थर साचला, की त्यातून निदान करणे जाणत्यालाही जड जाते. होम, म्हणजे वापरकर्त्याच्या फायलींचा फोल्डर, डिस्कच्या वेगळ्या पार्टिशनवर ठेवले आणि फायलींची प्रत दुसरीकडे असली, तर पुन्हा इन्स्टॉल करणे हे अर्ध्या तासाचे, परिणामाची खात्री असलेले काम आहे. ज्याला उद्या अहवाल द्यायचा आहे, त्याला डीकेएमएस म्हणजे काय हे आजच शिकायला लावणे हा मला दुराग्रह वाटतो.

प्रतिसाद २

परिणामाची खात्री आहे, हे मान्य नाही. वायफाय दिसत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार घ्या. एलएसपीसीआय ही कमांड ‘-के’ या पर्यायासह चालवली, की प्रत्येक उपकरणासमोर कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसते. ब्रॉडकॉम कंपनीच्या अनेक चिपांपुढे ती ओळच नसते, कारण ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (उपकरणात भरावे लागणारे सॉफ्टवेअर) आलेलेच नसते. मुक्त नसलेले फर्मवेअर डेबियन या डिस्ट्रोने २०२३ मध्ये, बारावी आवृत्ती येईपर्यंत, अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घातलेच नव्हते. इन्स्टॉलरची तीच प्रतिमा दहादा इन्स्टॉल केल्याने त्यात नसलेली फाइल येणार कुठून?

विंडोज शेजारी असेल, तर गंमत आणखी वाढते. लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही, याचे कारण बहुधा विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ असते, कारण त्यात एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टम पुरती बंद न होता अर्धनिद्रेत राहते. घड्याळ काही तासांनी चुकते, कारण विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ मानते आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. या दोन्ही तक्रारींवर लिनक्स नव्याने टाकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. दुखणे पायाला आणि पट्टी डोक्याला, असा तो प्रकार असतो.

प्रतिसाद ३

आपण सगळेच वापरकर्त्याला धारेवर धरत आहोत. २०२१ मध्ये पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम टाकताना पॅकेजमधल्या दोषामुळे संपूर्ण डेस्कटॉपच काढला जाण्याची वेळ आली होती. एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने तसा इशारा दिला होता, एक पूर्ण वाक्य टाइप करून संमतीही मागितली होती, तरीही एका लोकप्रिय व्हिडिओकर्त्याने ती दिली आणि त्याचा डेस्कटॉप गेला. त्यावर ‘वाचायला हवे होते’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. पण एपीटीच्या विकसकांनी पुढे त्या वाक्याने संमती देण्याची वाटच बंद केली, आणि तेच योग्य होते.

ओपनसुसे या डिस्ट्रोमध्ये बीटीआरएफएस ही फाइल सिस्टम आणि स्नॅपर हे साधन मिळून अपडेटपूर्वीची स्थिती (स्नॅपशॉट) जपून ठेवतात. फेडोरा सिल्व्हरब्लू या डिस्ट्रोमध्ये जुनी प्रणाली बूट मेनूतच उभी असते. अशी सोय असताना नोंदी की इन्स्टॉलेशन हा वादच मागच्या पिढीचा ठरतो.

धागाकर्ता

मागे परतण्याच्या सोयीला माझा विरोध नाही, उलट ती माझ्याच बाजूची आहे. ओपनसुसेच्या नेहमीच्या मांडणीत ‘व्हार’ हा नोंदी ठेवणारा भाग स्नॅपशॉटच्या बाहेर असतो आणि सिल्व्हरब्लूतही तो मागे फिरत नाही, म्हणजे प्रणाली जुन्या स्थितीत गेली तरी नोंदी वाचतात. डिस्क पुसून इन्स्टॉल करण्यात नेमके हेच हातून जाते.

लाल ओळींबद्दलचा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यावर तोड आहे. चांगल्या चाललेल्या बूटच्या नोंदी फसलेल्या बूटच्या नोंदींशेजारी ठेवाव्यात. दोन्हीकडे असलेल्या ओळी सोडून द्याव्यात, उरतील त्यांकडेच पाहावे.

शिवाय एका प्रसंगी पुन्हा इन्स्टॉल करणे धोक्याचेच आहे. डिस्क मरायला टेकली असेल, तर फाइल सिस्टम अचानक केवळ वाचण्याजोगी होते आणि डीमेसेज या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत आयओ एररच्या, म्हणजे वाचन-लेखन फसल्याच्या, ओळी येऊ लागतात. नव्या इन्स्टॉलेशनने फायली डिस्कच्या दुसऱ्या जागी पडतात, काही काळ सगळे सुरळीत वाटते आणि प्रत काढून घेण्याचा अवधी त्यात निघून जातो. स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कची प्रकृती आधी तपासली, तर हे टळू शकते.

प्रतिसाद १

डिस्कचा मुद्दा मी मान्य करतो, पण निष्कर्ष नाही. ही तपासणी वापरकर्त्याने लक्षात ठेवून का करावी? इन्स्टॉलरनेच डिस्क पुसण्यापूर्वी तिचा स्मार्ट, म्हणजे प्रकृतीचा, अहवाल वाचावा, जुन्या प्रणालीच्या नोंदी पेनड्राइव्हवर ठेवायच्या का हे विचारावे, आणि मगच पुढचे बटण दाखवावे. तोवर मी माझ्याकडे येणाऱ्याला फायलींची प्रत काढायला लावीन आणि पुन्हा इन्स्टॉल करायलाच सांगेन.