मदत हवी आहे : निवडणूक रोख्यांच्या याद्या कशा जुळवायच्या?

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. मधोमध एक आमदार, डावीकडे कंपनी, उजवीकडे आंदोलन करणारी संस्था, आणि सगळ्यांना जोडणारे लाल बाण. पुरावा काय, तर खाली दोनच शब्द : 'निवडणूक रोखे' (म्हणजे राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी स्टेट बँकेतून विकत घेतले जायचे, ते). बाण काढायला काय जातंय म्हणा!

म्हणून मूळ याद्याच उघडल्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ही रोख्यांची योजना रद्द केली, आणि २१ मार्चला रोख्यांच्या क्रमांकांसह तपशील आला. एका पीडीएफमध्ये खरेदीदार, दुसऱ्यात रोखे वटवणारे पक्ष. म्हणजे पैसा पक्षापर्यंत दिसतो, आमदारापर्यंत नाही. काकांना हे पटत नाही, तो भाग वेगळा.

आता अडलंय ते इथे : पीडीएफ एक्सेलमध्ये घेतली की रकाने सरकतात. उपाय काय? जुळवताना 'ओसी' (एक कोटी), 'टीएल' (दहा लाख) ही रोख्याची रक्कम सांगणारी क्रमांकाआधीची अक्षरंही धरायचीच ना? आणि कंपनीचे संचालक त्या संस्थेवरही आहेत का, हे फुकटात कुठे तपासता येईल? कुणी केलं असेल तर सांगा, प्लीज. नुसतं नाव सारखं आहे म्हणून कुणावर शिक्का मारायचा नाहीये.