मदत हवी आहे: लीड्समध्ये रग्बी लीगचा सामना पाहायचा आहे

नमस्कार मंडळी. लीड्समध्ये राहणारं कुणी आहे का इथे? हेडिंग्ली आपल्याला क्रिकेटमुळे माहीत, पण मैदानाला लागूनच लीड्स ऱ्हायनोज या क्लबचं रग्बी लीगचं (तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बीचं) मैदान आहे. रॉब बरो याच क्लबचा खेळाडू. उंची जेमतेम साडेपाच फूट, तरी 2001 ते 2017 एकाच क्लबकडून खेळला, आठ ग्रँड फायनल (हंगामाचा विजेता ठरवणारे अंतिम सामने) जिंकला! 2011 च्या फायनलमध्ये बदली म्हणून उतरून धिप्पाड गड्यांमधून एकट्याने केलेला तो ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) मी कितीदा पाहिला असेल. 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉन आजार (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) झाल्याचं कळलं, 2024 मध्ये तो गेला.

मुलाला घेऊन जूनमध्ये येतेय. सामना नीट कळायला कुठल्या बाजूची तिकिटं घ्यावीत? आणि टॅकलचे (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडण्याचे) नियम दहा वर्षांच्या मुलाला सोपे करून कसे सांगू?